पुढच्या रांगेतल्या खुर्च्या

परदेशातून पाहुणे येणार म्हटलं की आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जी धांदल उडते ती मी लहानपणी भरपूर पाहिली आहे. उपासनामंदिराच्या भिंतींना रंग लागायचा. संडे स्कूलच्या मुलांकडून एखादं इंग्रजी गाणं महिनाभर घोटून घेतलं जायचं. ज्या आज्या एरवी मागच्या बाकावर बसून निवांत डुलक्या काढायच्या, त्यांना नव्या पातळात पुढे आणून बसवलं जायचं. पाहुणे यायचे, हार घालून घ्यायचे, तासभर बोलायचे. त्यातलं निम्मं दुभाष्याच्या पदरात पडायचं आणि उरलेल्यातलं निम्मं आमच्या. मग उन्हात उभं राहून फोटो. ते फोटो आम्हाला कधी बघायला मिळाले नाहीत. कुठल्यातरी लांबच्या चर्चच्या फळ्यावर आपण डोळे बारीक करून उभे आहोत, एवढीच आमची समजूत.

पाहुणे गेले की मोठी माणसं हिशेबाला बसायची. मांडव, जेवणं, जीपचं भाडं. कुणीतरी म्हणायचं, "पण बरं वाटलं हो." सगळे माना डोलवायचे. ते खोटं नव्हतं. नेमकं कशानं बरं वाटलं, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

म्हणून आमच्या मंडळीनं नेपाळातल्या सहभागी मंडळ्यांना भेट द्यायचं ठरवलं आणि जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं, तेव्हा आनंदापेक्षा अवघडलेपणच जास्त आलं. आता पाहुणे आपण. कुणीतरी आपल्यासाठी भिंती रंगवणार.

हे नातं जुळलं भूकंपामुळे. 25 एप्रिल 2015, शनिवार, दुपारचे 11 वाजून 56 मिनिटं. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी, त्यामुळे तिथल्या मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच. म्हणजे गोरखा जिल्ह्यातली जमीन हलली त्या घटकेला डोंगरातल्या कितीतरी मंडळ्या एका छताखाली जमलेल्या होत्या, आणि काही ठिकाणी ते छतच खाली आलं. 7.8 तीव्रतेच्या त्या धक्क्यात नेपाळात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. बातम्यांत दगड-मातीच्या कोसळलेल्या भिंती दिसल्या आणि आमच्याकडच्या वयस्क मंडळींच्या तोंडून एकच शब्द निघाला, किल्लारी. 1993च्या सप्टेंबरातली ती पहाट ज्यांनी पाहिली त्यांना जाड भिंतीच्या घराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दानपेटी फिरली, गोरख्याच्या डोंगरातल्या दोन लहान मंडळ्यांच्या छपरांसाठी पैसे गेले, मधे पोखऱ्याचे एक पाळक, म्हणजे पास्टर, दुवा झाले. पत्र्याचे फोटो आले. मग नाताळच्या शुभेच्छा, मग आजारपणांसाठी प्रार्थनेच्या विनंत्या, मग एकमेकांच्या मुलांची लग्नं. मोबाइलवर एवढं सगळं झालं, पण कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही.

त्यांचं आमंत्रण आलं त्यात पैशाचा उल्लेखही नव्हता. फक्त या, असं होतं.

आमच्याकडे लगेच कार्यक्रम आखायला सुरुवात झाली. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक अमेरिकन मिशनऱ्यांकडून बऱ्याच गोष्टी शिकलो, त्यातली वेळापत्रक आणि ठराव या दोन आमच्या रक्तातच भिनल्या आहेत. तरुण संघानं मूकनाट्य बसवायला घेतलं. महिला मंडळानं स्वेटर गोळा केले. एका उत्साही काकांनी पत्रकं छापून न्यायची सूचना मांडली. पोखऱ्याच्या पाळकांचा निरोप आला तेव्हा निम्म्या गोष्टी गळून पडल्या.

निरोप साधा होता. नेपाळच्या 2015च्या संविधानातलं 26वं कलम धर्म पाळायचा हक्क देतं आणि त्याच कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. 2018 साली अमलात आलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि आरोपी परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. तेव्हा पत्रकं नकोत, चौकात नाटक नको, फेसबुकवर चेहरे नकोत. विश्वासणाऱ्यांच्या घरी राहा, उपासनेला बसा, घरोघर प्रार्थनेला चला. शेवटी एक ओळ होती: कार्यक्रम थोडे ठेवा, आमच्याकडे लोकांना कामं असतात.

मूकनाट्यवाली पोरं दोन दिवस फुगून बसली. मला मात्र त्या शेवटच्या ओळीनं फार हायसं वाटलं. आमच्या लहानपणी असं स्पष्ट लिहायची छाती कुणाची झाली नव्हती.

परदेश म्हणायचा पण समुद्र ओलांडायचा नाही, व्हिसा नाही, असा हा प्रवास. गोरखपूरला रेल्वेतून उतरून सोनौलीला सरहद्द चालत पार करायची. कमानीच्या पलीकडे गेलं की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. आपल्या एका रुपयाचे तिथले एक रुपया साठ पैसे, हा भाव 1993 पासून ठरलेलाच. गोरख्याला जायचा सोपा रस्ता नारायणघाटावरून जातो, पण आमच्या पाळकसाहेबांचा हट्ट होता की तानसेनवरून पोखऱ्याला जायचं आणि मग पुढे. वळणावळणाच्या त्या सिद्धार्थ राजमार्गावर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी साहेबांच्या हट्टाला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते देवच जाणे. प्लास्टिकच्या पिशव्या पुरल्या नाहीत एवढंच सांगते.

पण हट्टाला कारण होतं. सोनौलीच्या अलीकडे नौतनवा लागतं. तिथं 1936 पासून लिली ओहॅनलॉन आणि हिल्डा स्टील या दोन बायका राहिल्या. ओहॅनलॉन डॉक्टर. राणा या वंशपरंपरागत पंतप्रधानांच्या राजवटीत नेपाळचं दार ख्रिस्ती माणसाला बंद होतं. त्याआधी 1769 मध्ये पृथ्वीनारायण शहांनी काठमांडू खोरं जिंकल्यावर कॅपुचिन संघाचे कॅथलिक पाद्री आणि त्यांच्याबरोबरचे नेवार ख्रिस्ती खोऱ्यातून बाहेर पडले आणि बिहारात बेतियाकडे आले, ते आलेच. तेव्हा या दोघींनी सरहद्दीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना औषधं दिली आणि वाट पाहिली. 1951 मध्ये राणाशाही संपली, 1952 मध्ये परवानगी मिळाली, आणि नेपाळी विश्वासणाऱ्यांबरोबर त्या चालत पोखऱ्याला गेल्या. गाडीरस्ता नव्हताच. त्याच साली पोखऱ्यात रामघाटची मंडळी सुरू झाली. बायकांनी दवाखाना उभारला तो ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. उन्हात झळकायचा म्हणून त्याचं नावच शाइनिंग हॉस्पिटल पडलं. आपण ज्या रस्त्यावर उलट्या काढत चाललोय, तिथून ही माणसं पायी गेली, हे साहेबांना आम्हाला दाखवायचं होतं. दाखवलं. उलट्या थांबल्या नाहीत.

तानसेनला आम्ही चहाला थांबलो. डोंगरउतारावर रचलेलं गाव, खाली धुक्यानं भरलेली दरी. 1960च्या सुमारास इथं बाप्तिस्मा घेतला म्हणून काही जणांना तुरुंगात टाकलं, आणि बाप्तिस्मा दिला म्हणून रामघाटचे पाळक डेव्हिड मुखिया यांनाही. पुढं तीस वर्षं हेच चाललं. मुलुकी ऐनात, म्हणजे नेपाळच्या जुन्या कायद्यात, धर्म बदलणाऱ्याला एक वर्ष आणि बदलवणाऱ्याला सहा वर्षं, असा हिशेब होता. 1990च्या जनआंदोलनानंतर कैदी सुटले, खटले मागे घेतले गेले. 1961च्या जनगणनेत नेपाळात ख्रिस्ती होते 458. 2021च्या जनगणनेत पाच लाख बारा हजारांवर. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा वाटा किती आणि चहाच्या टपरीवर दबक्या आवाजात बोलणाऱ्या नेपाळी माणसांचा किती, हे तिथं गेल्यावर कुणी सांगावं लागत नाही. ज्या काळात ही मंडळी वाढली त्या बहुतेक काळात परदेशी माणसानं नेपाळात उपदेश करायचाच नव्हता. दवाखाने, शाळा, वीज, एवढंच त्याचं काम. वचन सांगायचं काम नेपाळ्यांवर पडलं आणि त्यांनी ते केलं.

आणि अशा लोकांना आम्ही धीर द्यायला निघालो होतो. मला राहून राहून हसू येत होतं.

गोरख्याच्या डोंगरातली पहिली उपासना. शनिवार सकाळ, पत्र्याचं छप्पर (आपलं छप्पर, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही), खाली जाड सतरंज्या. चपला बाहेर. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, सगळे मांडी घालून. आणि समोर, सगळ्यांकडे तोंड करून, आमच्यासाठी लाल प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. खुर्च्या त्यांच्या नव्हत्या. शाळेतून मागून आणल्या होत्या, पाठीवर शाळेचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. आम्हाला दोन्ही हातांनी जयमसीह केलं गेलं, गळ्यात पांढरे खादे, म्हणजे मानाची उपरणी, पडले, वर झेंडूचे हार. झेंडूच्या पाकळ्या मानेत टोचायला लागल्या.

आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलीनं पाळकसाहेबांच्या कानात विचारलं, खाली बसू या का? साहेब घुटमळले. यजमानांनी मागून आणलेल्या खुर्च्या नाकारायच्या म्हणजे त्यांचा मान मोडल्यासारखं. बसायचं तर तासन् तास सगळ्या मंडळीच्या डोक्यांवरून बघत राहायचं. शेवटी तोड निघाली ती एका म्हाताऱ्या आमांमुळे, आमा म्हणजे आई. त्या बायांच्या बाजूनं उठल्या, माझ्या हाताला धरून मला खाली ओढलं आणि आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. बोलल्या काहीच नाहीत. मग एकेक जण उतरला. साहेबांचे गुडघे दुखतात, ते एकटेच खुर्चीवर राहिले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्यांवर थोड्या वेळानं गावातली दोन पोरं येऊन बसली.

खाली बसल्यावर उपासना वेगळीच दिसते. समोरच्या बाईच्या टाचांच्या भेगा दिसतात. तिच्या पाठीवरचं पोर माझ्याकडे टक लावून बघतंय. भजनांच्या पुस्तकाची लिपी आपलीच, त्यामुळे वाचता सगळं येतं आणि कळतं अर्धं. प्रार्थना सुरू झाली की सगळे एकदमच मोठ्यानं प्रार्थना करायला लागतात, आपल्याकडे एक जण उभा राहून करतो आणि बाकीचे आमेन म्हणतात तसं नाही. पहिल्यांदा मी बावरले. मग लक्षात आलं की त्या गदारोळात आपण काय बोलतोय हे कुणालाच ऐकू जात नाही, आणि कित्येक वर्षांत आले नव्हते असे शब्द माझ्या तोंडून मराठीत निघाले. काय ते इथं लिहीत नाही.

आम्ही एक मराठी भजन म्हटलं. पेटी नव्हती. मादल, म्हणजे तिथला ढोलकीसारखा ढोल, वाजवणारा पोरगा पंधरा-सोळाचा असेल. पहिलं कडवं होईपर्यंत त्यानं नुसतं मान वाकडी करून ऐकलं, दुसऱ्याला डाव्या हातानं हलकेच ठेका धरला आणि तिसऱ्याला आम्हालाच ओढत नेलं. आमच्या लयीला त्यानं जरा पळवलं. पाळकसाहेबांचा उपदेश हिंदीत होता, आणि साहेबांची हिंदी ही मराठीच, फक्त 'है' लावलेली. दुभाष्याची गरज आहे की नाही यावर मंडळीत दोन तट पडल्यासारखं वाटलं. उपदेश बरा झाला. पण खरं सांगायचं तर त्यातलं आज मला काही आठवत नाही, आणि त्यांनाही आठवत नसणार.

आठवतं ते उपासनेनंतरचं. साक्षीच्या वेळी पुरुषांच्या बाजूकडे बघत होते तेव्हाच काहीतरी खुपलं होतं. म्हातारे होते, मुलगे होते, मधले नव्हतेच. दुपारी घरोघर गेलो तेव्हा उलगडा झाला. नवरा दोहाला. मुलगा मलेशियात. जावई दुबईत रखवालदार. नेपाळच्या सकल उत्पादनाचा चौथा हिस्सा म्हणावा एवढा पैसा परदेशी गेलेली माणसं घरी पाठवतात, असं वाचलं होतं. वाचलेला चौथा हिस्सा आणि एका ओळीतल्या पाच घरांत एकही कर्ता पुरुष नसणं, यांत फरक आहे. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर आखातातून, मलेशियातून शवपेट्या येत असतात. त्यांतली एक या गावातही आली होती.

त्या रात्री तिथल्या पाळक दाजूंच्या (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) घरी चुलीशी बसलो होतो. दाजू चाळिशीचे, थोडी शेती, थोडी शिकवणी, आणि तीन ठिकाणच्या मंडळ्या पायी फिरून सांभाळायच्या. कार्यक्रमात नव्हतं ते सगळं तिथं निघालं. ती शवपेटी आली तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. पुरायचं कुठं? गावाच्या रानात पुरायला शेजाऱ्यांची हरकत. स्वतःच्या शेतात पुरावं तर भाऊबंदांची हरकत. 2011 मध्ये काठमांडूत पशुपतीजवळच्या श्लेष्मान्तक वनात दफन करायला बंदी झाली, तेव्हा राजधानीतल्या ख्रिस्ती लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. डोंगरातल्या माणसाला मोर्चा काढायला रस्ताही नसतो. शेवटी रात्रीचं नदीकाठच्या वाळूत पुरलं. "आणि पावसाळ्यात?" मी विचारलं. दाजू म्हणाले, "नदी आहे, दिदी. ती कुठं जागा राखून ठेवते?" आणि चुलीत लाकूड सरकवलं.

आमच्यातले एक काका आमच्याकडच्या दफनभूमीच्या कमिटीवर आहेत. एरवी त्यांच्या तोंडून कुंपणाचा वाद, शेजारच्या बिल्डरचं अतिक्रमण, तहसीलदाराकडचे हेलपाटे हे सुरू झालं की लोक घड्याळ बघायला लागतात. त्या रात्री दाजूंनी त्यांना सोडलं नाही. अर्ज कुणाच्या नावानं करायचा, जागा मंडळीच्या नावावर असावी की विश्वस्तांच्या, इतर समाजांना बरोबर घेता येतं का. कायदे निराळे, देश निराळा, तरी दोघांचं जमलं ते असं की काकूंनी दोनदा झोपायला हाक मारली. आमच्या सगळ्या सहलीत काकांसारखा उपयोगी माणूस दुसरा नव्हता, आणि निघताना त्यांना घ्यावं की नको यावर चर्चा झाली होती. वय झालंय, चढ झेपेल का, वगैरे.

दाजूंच्या बोलण्यात एक गोष्ट परत परत येत होती: तुमच्याकडे भांडण झालं की काय करता? मंडळीत फूट पडायची वेळ आली तर कोण मधे पडतं? भूकंपानंतर बाहेरचे पुष्कळ गट आले. तंबू दिले, तांदूळ दिला, आणि काहींनी आपापलं नावही दिलं. एका गावात एका मंडळीच्या तीन मंडळ्या झाल्या, ज्याचा त्याचा दाता वेगळा. तेही प्रेमानंच आले होते, असं दाजू दोनदा म्हणाले. मी त्यावर काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं, पण आमच्याच मराठी मंडळ्यांची अशी वाटणी मिशनागणिक झालेली आहे. अमुक जिल्हा अमेरिकन, तमुक जिल्हा स्कॉटिश.

आमच्याकडे आलेले पाहुणे नुसते फोटो काढून गेले असं म्हणणंही अन्यायाचं होईल. 1854 साली बोस्टनहून अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे चिटणीस रुफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्पसन मराठी मिशनची पाहणी करायला आले. जुन्या भाषेत डेप्युटेशन. इंग्रजी शाळांवरचा भर कमी करा, खेड्यातल्या मंडळ्या उभ्या करा आणि त्या त्यांच्याच माणसांच्या हाती द्या, असा त्यांचा आग्रह. त्याच साली अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. इंग्रजी शाळा बंद झाल्याचा राग लोकांना पुष्कळ आला, आणि तो रास्तही होता. ज्यांना त्या शिक्षणाचा उपयोग होता त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण आपला पाळक आपल्यातला, ही गोष्ट त्या भेटीतून हाती लागली. पाहुण्याच्या हातात अधिकार असला की असं होतं, एका हातानं देणं आणि दुसऱ्यानं काढून घेणं. आमच्या हातात नेपाळात कसलाच अधिकार नव्हता. दोन छपरांचे पैसे दिले होते, तो अधिकार नव्हे, हे आमच्यातल्या एकदोघांना समजायला गोरख्यापर्यंत जावं लागलं.

1910 मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. हजाराच्या वर प्रतिनिधी, त्यांत आशियातले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यातले व्ही. एस. अझरिया, वय पस्तीस, उभे राहिले आणि म्हणाले, तुम्ही गरिबांना खाऊ घालायला आपलं धन दिलंत, जाळून घ्यायला शरीरं दिलीत. आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. ते पुढं दोर्णकलचे बिशप झाले. सभेत कुजबुज झाली, काही जण दुखावले गेले. साठ वर्षांनी, 1971 मध्ये, केनियाचे जॉन गाटू अमेरिकेत जाऊन याच्या पुढचं बोलले: काही काळ तुमची माणसंही नकोत आणि पैसाही. मला गाटूंचं म्हणणं पटतं. तरी चुलीशी बसलेल्या काकांकडे आणि दाजूंकडे बघताना वाटलं, माणसं हवीत. फक्त ती कोणती, हे यजमानांनी ठरवावं.

बायबलातल्या प्रेषित पौलाचं मला एक आवडतं. लुस्त्रात त्याला दगडमार झाला, मेला समजून लोकांनी गावाबाहेर ओढून टाकला. दर्बेहून पुढे गेला असता तर घर जवळ होतं. पण तो माघारी फिरला, त्याच लुस्त्रात, त्याच इकुन्यात, शिष्यांना धीर द्यायला. आणि रोमच्या मंडळीला पत्र लिहिताना सुरुवातीलाच म्हणतो, तुम्हाला स्थिर करायला यायची फार इच्छा आहे, आणि पुढच्याच ओळीत स्वतःला सावरतो: म्हणजे तुमच्या विश्वासानं मला आणि माझ्या विश्वासानं तुम्हाला, दोघांनाही धीर यावा. एवढा मोठा माणूस लिहिता लिहिता वाक्य दुरुस्त करतो. त्यानंच मासेदोनियाच्या आणि अखयाच्या नव्या, गरीब मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करून यरुशलेमच्या जुन्या मंडळीला नेऊन दिली. पैसा उलट्या दिशेनं.

ते उलट्या दिशेचं आमच्यावरही आलं. निघायच्या आदल्या दिवशी मंडळीनं आमच्यासाठी अर्पण गोळा केलं. आमच्या गप्पांतून त्यांना कळलं होतं की आमच्याकडे एका वस्तीवरच्या छोट्या मंडळीचं छप्पर गळतं. कसं कळलं कोण जाणे, बहुधा माझ्याच तोंडून. पाकिटात चुरगळलेल्या नोटा, दहाच्या, वीसच्या, वर राणीगुलाबी शाईनं लिहिलेलं 'छानाको लागि', छपरासाठी. आमच्यात खळबळ. घ्यायचे कसे? परत द्यावेत का? दुप्पट करून पाठवावेत का? खुर्चीवर बसलेल्या त्या एकट्या दिवसानंतर पाळकसाहेब जरा बदलले होते. ते म्हणाले, गप्प बसा आणि दोन्ही हातांनी घ्या. घेतले. एक साठच्या भावानं भागले तेव्हा रक्कम आणखीच लहान झाली, पण वस्तीवर चार पत्रे आले.

परत आल्यावर अहवालाची सभा झाली. स्लाइड दाखवायच्या होत्या, पण चेहरे टाळायचे म्हणून बहुतेक फोटो डोंगरांचेच निघाले आणि लोकांना वाटलं आम्ही सहलीला गेलो होतो. खजिनदारांनी एक रास्त प्रश्न विचारला, की रेल्वे, जीप, जेवणं मिळून जो खर्च झाला त्यात तिकडे आणखी एक छप्पर झालं असतं. झालं असतं. मी तेच सांगितलं, आणि काकांनी दफनभूमीच्या अर्जाचं सांगितलं, आणि खजिनदारांचं समाधान झालं नाही. व्हायची गरजही नाही. त्यांनी दर वेळी हा प्रश्न विचारावा म्हणूनच त्यांना निवडून दिलेलं आहे.

आता दाजू येणार आहेत, बरोबर त्या आमा आणि मादलवाला पोरगा. परत तीच वेळापत्रकाची धांदल सुरू झाली. कुणी म्हणालं मुंबईची मोठी चर्चेस दाखवू, कुणी म्हणालं केडगावला मुक्ती मिशन बघायला नेऊ, पंडिता रमाबाईंची समाधी दाखवू. तरुण संघाचं मूकनाट्य पुन्हा बाहेर निघालं. मी दाजूंना फोन करून विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? ते म्हणाले, केडगाव चालेल, समुद्र दाखवलात तर आमाला बरं वाटेल, पण मला तुमच्या पंचांची बैठक बघायची आहे. जिच्यात भांडणं होतात ती.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांत यावर बराच ऊहापोह झाला. बाहेरच्या माणसापुढं बैठक कशी घ्यायची, इतिवृत्तात त्यांची नोंद कशी करायची, निमंत्रित की निरीक्षक. शेवटी निमंत्रित ठरलं. विषयपत्रिका नेहमीसारखीच निघाली आहे. पहिला विषय: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. दुसरा: दफनभूमीचे कुंपण.